लेडहिल्स : खाणकामगारांच्या वाचनालयाचे गाव

स्कॉटलंड म्हटले की एडिंबरोचा किल्ला, धुक्यात बुडालेली सरोवरे आणि बॅगपाइप वाजविणारे घागरेवाले सैनिक आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. प्रवासवर्णनांतूनही आपल्याला बहुधा हेच स्कॉटलंड भेटते. लेडहिल्स हे नाव त्यात सहसा येत नाही. येण्यासारखे तेथे वरकरणी काही नाहीही. डोंगरातून जाणारा एक रस्ता, त्याच्या आजूबाजूला बुटक्या घरांच्या रांगा, एक खानावळवजा हॉटेल, एक स्मशानभूमी आणि सभोवार उघड्याबोडक्या टेकड्या. पाय उचलून चालले तर तासाभरात सगळे गाव पाहून होईल. तरीसुद्धा पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने या गावातून एकदा तरी फेरफटका मारावा, असे मला वाटते.

मी हे गाव प्रत्यक्ष पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. परदेशप्रवास आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नव्हे. परंतु नकाशा आणि पुस्तके यांच्या सोबतीने जेथे जाता येते तेथे जाण्यास कोणाची हरकत नसते. तेव्हा वाचकहो, चला माझ्याबरोबर.

दक्षिण स्कॉटलंडमध्ये लोथर नावाच्या टेकड्या आहेत. ग्लासगोकडून इंग्लंडकडे जाणारा मोठा रस्ता अबिंग्टनजवळ सोडला की एक लहान रस्ता या टेकड्यांत चढू लागतो. झाडे विरळ होत जातात. दोन्ही बाजूंना गवत आणि हेदर नावाची जांभळ्या फुलांची झुडपे एवढेच उरते. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० फूट उंचीवर हे गाव लागते. आपल्या सह्याद्रीच्या मानाने ही उंची काहीच नव्हे. पण त्या थंड मुलखात एवढ्या उंचीवर गाव वसणे ही नवलाची गोष्ट आहे. स्कॉटलंडमधील सर्वांत उंचावरचे गाव वॉनलॉकहेड, ते येथून दीड-दोन मैलांवर; आणि उंचीत दुसरा क्रमांक लेडहिल्सचा. हिवाळ्यात येथे बर्फ साचते, वारा झोडपून काढतो आणि जमिनीत धान्य म्हणावे तसे पिकत नाही. मग माणसे येथे राहायला आली कशासाठी? याचे उत्तर गावाच्या नावातच आहे. लेड म्हणजे शिसे. लेडहिल्स म्हणजे शिशाच्या टेकड्या.

शिशाच्या आधी येथे सोन्याचा शोध चालला होता. या परिसरातील ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे कण सापडत. सोळाव्या शतकात स्कॉटलंडच्या राजांनी परदेशी खाणतज्ज्ञ बोलावून येथे सोने शोधले. राजा पाचवा जेम्स याने १५४० साली आपला मुकुट नव्याने घडवून घेतला, त्यात या भागातले सोने वापरल्याचे सांगतात. त्या काळी या प्रदेशाला स्कॉटलंडमधील देवाचा खजिना असे म्हणत. पण सोने थोडे आणि शिसे पुष्कळ, असा प्रकार होता. पुढची दोन-अडीचशे वर्षे गावाचे पोट भरले ते शिशाने.

शिसे काढण्याचे काम कसे चाले, हे कळल्याखेरीज गावाच्या खुणा कळणार नाहीत. डोंगराच्या पोटात शिशाचे खनिज उभ्या पट्ट्यांनी असते. कामगार बोगदे आणि विहिरींसारखे खड्डे खणून त्या पट्ट्यांपर्यंत पोचत. उजेड मेणबत्तीचा. वर काढलेला दगड फोडायचा, पाण्यात धुऊन खनिज वेगळे करायचे, आणि हे धुण्याचे काम मुख्यतः लहान मुलांकडे असे. नंतर भट्टीत वितळवून शिशाच्या लाद्या पाडत आणि त्या गाड्यांवर लादून एडिंबरोजवळच्या लीथ बंदराला पाठवीत. भट्टीचा धूर विषारी. शिसे हळूहळू अंगात भिनते आणि माणसाला आतून पोखरते. तेव्हा ‘देवाचा खजिना’ या नावावर कोणी भुलू नये. खजिना एकाचा आणि खोकला दुसऱ्याचा, ही वाटणी येथेही होतीच.

हा खजिना कोणाचा होता, हे गावातल्या हॉटेलच्या पाटीवरून समजते. मुख्य रस्त्यावरच्या या हॉटेलचे नाव ‘होपटाउन आर्म्स’. होपटाउन हे येथल्या मालकांच्या जहागिरीचे नाव. १६३८ साली जेम्स होप नावाच्या गृहस्थाने अ‍ॅना फाउलिस हिच्याशी लग्न केले. ती या खाणींची वारस होती. लग्नाबरोबर शिशाच्या टेकड्याही होप घराण्यात आल्या. १७०३ साली या घराण्याला होपटाउनचे अर्ल हा किताब मिळाला आणि १९०२ साली लिनलिथगोचे मार्क्विस हा त्याहून मोठा किताब मिळाला.

लिनलिथगो हे नाव वाचल्यावर इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे कान टवकारले असतील. होय, तेच हे घराणे. १९३६ ते १९४३ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लिनलिथगो हे दुसरे मार्क्विस. १९३९ साली हिंदी पुढाऱ्यांना न विचारता त्यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सगळे पुढारी तुरुंगात गेले, तेव्हा दिल्लीत बसून हुकूम देणारे हेच. आपल्या स्वातंत्र्यलढ्यातील एका व्हाइसरॉयच्या घराण्याच्या संपत्तीचा एक झरा या आडगावातील खाणकामगारांच्या घामातून वाहत आलेला आहे. इतिहासाचे धागे कोठून कोठे जाऊन पोचतात पाहा! पाठ्यपुस्तकात व्हाइसरॉयचे नाव असते. त्यांच्या वाडवडिलांसाठी शिसे कोणी खणले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

आता गावातल्या घंटेकडे वळू. एका चौकटीत उघड्यावर टांगलेली ही घंटा १७७० सालची. कामाच्या पाळ्या बदलताना ती वाजे, अंत्ययात्रा निघताना वाजे, आणि धुक्यात किंवा बर्फात कोणी माळावर वाट चुकला तर त्याला गावाची दिशा कळावी म्हणूनही वाजविली जाई. आपल्याकडे देवळातल्या घंटेचा नाद ऐकून रानातला माणूस गाव ओळखतो, तसेच हे.

ज्या साली ही घंटा उभी राहिली त्याच साली जेम्स स्टर्लिंग हा गृहस्थ वारला. त्याचे घर हे गावातील पुढचे ठिकाण. खाण कंपनीने १७३६ च्या सुमारास व्यवस्थापकासाठी बांधलेले हे भारदस्त दगडी घर बुटक्या घरांच्या गावात एकदम नजरेत भरते. स्टर्लिंग मूळचा गणिती. ऑक्सफर्डला शिकत असताना नव्या राजाशी एकनिष्ठतेची शपथ घेण्यास त्याने नकार दिला आणि शिष्यवृत्ती गमावली. पुढे काही वर्षे तो व्हेनिसमध्ये होता. १७३० साली त्याचा गणितावरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. मोठमोठ्या संख्यांचे गुणाकार अदमासाने काढण्याचे त्याच्या नावाचे सूत्र शास्त्र शाखेचे विद्यार्थी आजही शिकतात. असा हा विद्वान १७३५ च्या सुमारास स्कॉट्स मायनिंग कंपनीचा कारभार पाहण्यासाठी या डोंगरात आला आणि येथेच रमला.

त्याने केलेल्या सुधारणा त्या काळाच्या फार पुढच्या होत्या. बोगद्यातील काम दिवसाला सहा तासांवर आणले. कामगारांना माळावरची जमीन तोडून बागा करण्यास, घरे बांधण्यास मोकळीक दिली. आजारी आणि म्हाताऱ्या कामगारांसाठी निधी असे. हे केवळ दयेपोटी झाले असे मानण्याचे कारण नाही. दमलेला, दारू प्यालेला, आज आहे आणि उद्या पळून गेला असा कामगार कंपनीला परवडत नव्हता. डोंगरात टिकून राहणारा कसबी माणूस तिला हवा होता. पण हेतू काहीही असो, सहा तासांच्या कामाने कामगारांच्या पदरात एक अमोल वस्तू पडली. ती म्हणजे वेळ. त्या वेळेचे त्यांनी काय केले, ते पाहण्यासाठी मुख्य रस्त्यावरच्या एका लहानशा इमारतीसमोर उभे राहावे लागते.

मित्रहो, या गावाचे खरे देवालय हे आहे. बाहेरून पाहिले तर साधी, एकमजली वास्तू. पण २३ नोव्हेंबर १७४१ रोजी या गावातल्या एकवीस खाणकामगारांनी, शाळेचा मास्तर आणि धर्मोपदेशक यांना सोबत घेऊन, एक वाचनसंस्था स्थापन केली. एकूण सभासद तेवीस. प्रत्येकाने वर्गणी भरायची, त्या पैशातून पुस्तके विकत घ्यायची आणि ती सर्वांनी पाळीपाळीने वाचायची. वर्गणीवर चालणारे ब्रिटनमधील पहिले वाचनालय म्हणून याची नोंद होते. लंडनमध्ये नव्हे, ऑक्सफर्डमध्ये नव्हे, तर शिसे खणणाऱ्यांच्या वस्तीत! पुस्तकांत धर्मग्रंथांचा भरणा मोठा होता, आणि त्यांच्या जोडीला इतिहास व इतर विषय. संस्थेचे नियम लेखी होते, पदाधिकारी सभासदांतूनच निवडले जात.

खाणीच्या मालकाने बक्षीस दिलेली ही लायब्ररी नव्हे, हे मला महत्त्वाचे वाटते. स्टर्लिंगचे उत्तेजन तिच्या पाठीशी होते, असे मानले जाते, आणि ते खरेही असेल. परंतु सभासदत्व, वर्गणी आणि नियम कामगारांचे होते. मिळालेले दान आणि स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू यांत फरक असतो. दानाचे पुस्तक माणूस कपाटात ठेवतो. पोटाला चिमटा घेऊन आणलेले पुस्तक तो शेवटच्या पानापर्यंत वाचतो.

या वाचनालयात पुस्तकांशिवाय खाणीच्या कराराच्या वह्याही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते. येथले कामगार रोजंदारीवर नव्हते. चारसहा जणांची टोळी मिळून काम उक्ते घेई. अमुक इतका बोगदा खणला तर इतके, किंवा इतके शिसे निघाले तर इतके, असा सौदा ठरे आणि तो वहीत उतरे. मध्यंतरी पोटापुरती उचल मिळे आणि हिशेब मागाहून होई. ज्याला वहीतले वाचता येत नाही त्याचा हिशेब दुसरा करतो, आणि दुसऱ्याने केलेला हिशेब कोणाच्या बाजूने झुकतो ते सांगायला नको. अक्षराची भूक त्यांना पुस्तकांनी लावली की या वह्यांनी, असा प्रश्न मनात येतो. मला वाटते, दोन्हींनी.

हे लिहिताना मला स्वतःच्या घराची आठवण होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझे आजोबा उसाच्या फडावर मुकादमाच्या वहीपुढे अंगठा पुढे करीत. उचल किती, फिटली किती, उरली किती, हे त्या वहीला ठाऊक असे, आजोबांना नसे. लेडहिल्सच्या त्या वह्यांविषयी वाचले तेव्हा, पुस्तकांच्या आणि हिशेबाच्या वह्यांच्या एकाच छपराखाली राहण्याचा अर्थ मला चटकन उमगला.

एक उणीवही नोंदविली पाहिजे. त्या पहिल्या तेवीस जणांत एकही स्त्री नव्हती. खनिज धुऊन आलेल्या मुलांचे कपडे धुणाऱ्या, सहा तासांच्या पाळीनंतर न संपणारे काम करणाऱ्या आयाबहिणींना त्या वर्गणीत वाटा नव्हता. आपल्या वर्गात आज निम्म्याहून अधिक मुली बसतात, तेव्हा हे विसरून चालणार नाही.

वाचनालयाला कवी अ‍ॅलन रॅमझी याचेही नाव दिलेले आहे. रॅमझी याच गावात १६८० नंतरच्या दशकात जन्मला. त्याचा बाप खाणीवर देखरेख करी. पण तो लवकर वारला. मुलगा एडिंबरोला जाऊन केसांचे टोप बनविण्याचा धंदा शिकला. टोप बनविता बनविता तो कविता करू लागला, पुढे पुस्तकविक्रेता झाला आणि १७२५ च्या सुमारास त्याने आपल्या दुकानातून पुस्तके भाड्याने देण्यास सुरुवात केली. लोकांच्या बोलीतल्या स्कॉट भाषेला त्याने कवितेत मानाचे पान दिले. खाणीच्या गावातला मुलगा राजधानीत जाऊन आपली बोली न टाकता कवी होतो, ही गोष्ट ग्रामीण भागातून आलेल्या आपल्यासारख्यांना धीर देणारी आहे.

गावाच्या स्मशानभूमीत एक दगड प्रवासी हटकून पाहतात. रॉबर्ट टेलर नावाच्या देखरेखकाच्या या दगडावर, त्याचा बाप जॉन टेलर १३७ वर्षांचा होऊन वारला असे कोरलेले आहे. म्हातारा १७७० साली गेला. जन्माची नोंद कोठे नव्हती. १६५२ सालच्या सूर्यग्रहणाच्या वेळी आपण खाणीवर कामाला जाणारा पोरगा होतो, असे तो सांगे. त्यावरून लोकांनी वय मोजले. एवढे आयुष्य खरे मानणे कठीण आहे. पण वय मोजण्याची ही रीत मला परकी वाटली नाही. आमची आजीही माझ्या थोरल्या काकांचा जन्म ‘बहात्तरच्या दुष्काळात, खडीच्या कामावर’ एवढाच सांगते. ज्यांच्या जन्माची नोंद कोणी ठेवत नाही, त्यांना ग्रहण आणि दुष्काळ हीच पंचांगे असतात.

गावातच एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. तो विल्यम सिमिंग्टन या इंजिनियराच्या स्मरणार्थ १८९१ साली उभारला. सिमिंग्टन १७६४ साली येथे जन्मला. त्याने वाफेचे इंजिन नावेवर बसविले आणि १४ ऑक्टोबर १७८८ रोजी डाल्सविंटनच्या तळ्यावर ती नाव चालवून दाखविली. १८०३ साली त्याच्या ‘शार्लट डंडास’ या बोटीने दोन जड पडाव ओढत कालव्यातून सुमारे ३० किलोमीटरचा प्रवास केला. परंतु लाटांनी कालव्याचे काठ ढासळतील, या भीतीने मालकांनी ती बाजूला टाकली. चार वर्षांनी अमेरिकेत रॉबर्ट फुल्टनची आगबोट चालली आणि कीर्ती तिकडे गेली. सिमिंग्टन १८३१ साली लंडनमध्ये गरिबीत वारला. साठ वर्षांनी गावात स्तंभ उभा राहिला. जिवंतपणी भाकरी नाही आणि मेल्यावर स्तंभ, हा न्याय सर्व देशांत सारखाच दिसतो.

या गावाला पाहुणेही थोर लाभले. १८०३ च्या ऑगस्टमध्ये कवी वर्डस्वर्थ, त्याची बहीण डॉरोथी आणि कोलरिज हे तिघे या बाजूने गेले. डॉरोथीने त्या प्रवासाची हकिगत लिहून ठेवली; ती तिच्या मृत्यूनंतर, १८७४ साली छापली गेली. वाटेत भेटलेल्या खाणीच्या मुलांना लॅटिन येते आणि कामगारांच्या वाचनालयात शेक्सपिअर आहे, हे ऐकून या मंडळींना आश्चर्य वाटले होते. इंग्रजीच्या वर्गात आपण ज्यांच्या कविता शिकतो त्यांना खाणकामगारांनी चकित केले, ही कल्पनाच किती आनंददायक आहे!

पुढे काळ पालटला. १९०१ साली गावात रेल्वे आली आणि १९०२ मध्ये ती वॉनलॉकहेडपर्यंत पोचली. पण परदेशी शिसे स्वस्त झाले, खाणी बंद पडत गेल्या आणि १९३८ च्या अखेरीस रेल्वेही थांबली. तिच्या जुन्या मार्गावर आता हौशी लोकांनी टाकलेली अरुंद रुळांची छोटी गाडी पर्यटकांसाठी धावते. वॉनलॉकहेडला १७५६ साली लेडहिल्सचे पाहूनच दुसरे वाचनालय निघाले होते. तेथे आज शिशाच्या खाणीचे संग्रहालय आहे. इकडे लेडहिल्सची वाचनसंस्थाही, तिची पुस्तके, वह्या आणि कपाटे यांसह, जतन करून ठेवलेली आहे.

खाणींचे मालक गेले, गाड्या गेल्या, शिसेही संपले. तेवीस माणसांनी वर्गणी काढून आणलेली पुस्तके मात्र अजून मांडणीवर उभी आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन पुस्तकांच्या कार्डावर आपण वर्ष काढतो आणि पुस्तके कमी आहेत म्हणून कुरकुरतो. ती कुरकुर खोटी नाही. पण तेवीस जण जमविणे आपल्यालाही अशक्य नाही. येत्या वर्षी आपल्या वर्गातून तेवढे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी पुढे आल्या, महिन्याला एका चहाचे पैसे बाजूला टाकले आणि आपल्या निवडीची पुस्तके आणली, तर वर्षअखेर एक लहानसे कपाट सहज भरेल. गुरुजनांपैकी एकदोघांनी सोबत यावे, म्हणजे मास्तर आणि उपदेशक यांच्या जागाही भरून निघतील. पहिले नाव माझे लिहून घ्यावे, ही विनंती.

— द्वितीय वर्ष कला